लाल पेन घेऊन गोंदियाला

गोंदियाला निघाले तेव्हा आमच्या इमारतीतल्या तिघींनी मला तीन प्रश्न विचारले. एकीनं विचारलं, तिथे सगळं जंगलच आहे ना? दुसरीनं विचारलं, तिथे मराठी बोलतात का? तिसरी माझी सख्खी नणंद. तिनं विचारलं, तुला घरी बसवत नाही का? पहिल्या दोघींना मी परत आल्यावर उत्तरं दिली. तिसरीला तिचं उत्तर माझ्या लग्नापासून माहीत आहे.

मला बसवत नाही हे खरंच आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मी तेहतीस वर्षं काढली. गुन्ह्यात सापडलेले डाग, केस, हाडं, पाणी तपासायचं आणि ते काय आहे हे कोर्टाला सांगायचं, एवढंच काम. निवृत्त झाले तसे हात रिकामे झाले, मग एक उद्योग मागे लावून घेतला. या क्षेत्रात नव्यानं आलेल्या मुलामुलींनी आपलं काम बरोबरीच्या लोकांपुढे उभं राहून सांगावं, म्हणून वर्षातून एकदा एका दिवसाची बैठक भरवायची. हारतुरे नाहीत, बक्षीस नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग प्रश्न, आणि सगळं मराठीतून. कोर्टात वकिलानं सोलून काढण्याआधी माणसानं मित्रांकडून थोडं खरचटून घेतलेलं बरं. आमच्या वेळी ही सोय नव्हती. पहिली काही वर्षं मी न्यायाधीशाशिवाय कोणापुढे तोंडच उघडलं नाही, आणि तिथे माझी जी गत झाली ती अजून स्वप्नात येते.

यंदा बैठक गोंदियाला ठरली, कारण तिथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे रहांगडाले सर म्हणाले, "नेहमी पुण्या-मुंबईलाच काय भरवता? एकदा आमच्याकडे या, सभागृह देतो." प्रत्येक नवोदिताचं एकपानी टिपण मी स्वतः तपासते. लाल पेनानं. माझ्या लाल पेनाची प्रयोगशाळेत दहशत होती आणि मला तिचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

यंदाच्या टिपणांत सगळ्यात सरस होतं प्रज्ञाचं. मुलगी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत दीड वर्षापूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली, मूळची चोरखमाऱ्याजवळच्या एका गावातली. तिचा विषय डायटम. डायटम म्हणजे पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, अंगावर काचेसारखं कवच असलेलं. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर हे शेवाळ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मज्जेत जातं. म्हणून ते मज्जेत सापडलं, तर तो बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, याचा अंदाज येतो. कुठल्या पाण्यात बुडाला हेही कधी कधी कळतं, पण त्यासाठी त्या त्या पाण्यात कोणतं शेवाळ आहे हे आधी कोणीतरी बघून ठेवलेलं असावं लागतं. ते या मुलीनं सुट्ट्या खर्चून केलं होतं. मी टिपण तपासलं, छापायला दिलं, टिपणांची पुस्तिका सगळ्यांना फोनवरही गेली. आणि बैठकीच्या चार दिवस आधी तिचा निरोप आला: "मॅडम, माझं नाव काढून टाका. माफ करा."

त्यानंतर तिचा फोन बंद. मी एक दिवस आधीची गाडी धरली.

गोंदिया, गुरुवार

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर रिक्षावाला आपणहून म्हणाला, "बैठिए मॅडम, किधर जाना है? मराठीत बी चालते." पुण्याहून आलेल्या माणसाला रिक्षावाल्यानं आधी नाही म्हणायचं असतं एवढंच माहीत. मी बावरून दोनदा पत्ता सांगितला. तो अर्ध्या वाटेपर्यंत हिंदीत बोलला, मग फोन आला तशी तिसरीच बोली सुरू झाली. ती पोवारी, असं त्यानंच सांगितलं. राइस मिलच्या रस्त्यानं जाताना धान उकडल्याचा गरम, गोडसर वास गाडीत शिरला तो मुक्काम येईपर्यंत कपड्यांत राहिला.

रहांगडाले सरांनी पोहे मागवले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरतात आणि त्यालाच चव म्हणतात. मी दोन घास खाल्ले, डोळे पुसले, आणि आणखी तर्री मागून घेतली.

"प्रज्ञा गावी गेली म्हणतात," सर म्हणाले. "पोरगी हुशार आहे, पण घाबरली असेल. पहिल्यांदा असं होतंच. जाऊ द्या ना, बाकीचे आहेत."

जाऊ द्या हे दोन शब्द मला कधी पचले नाहीत. दुपारभर मी सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या, माइक तपासला, खिडक्या उघडल्या, पुन्हा लावल्या. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही तिच्या गावीच जाऊन या. इथं माझ्या शिपायाला भोवळ येऊन राहिली."

चोरखमारा, शुक्रवार

तिरोड्यापर्यंत बस, पुढे काळीपिवळी जीप. ड्रायव्हरनं विचारलं, "गावात का धरनावर?" तिच्या टिपणात धरणाचं नाव होतं म्हणून मी ऐटीत "धरणावर" म्हटलं. त्यानं मला बरोब्बर धरणाच्या मातीच्या पाळीवर उतरवलं आणि निघून गेला. गाव कुठे, तर तिकडे, दूर झाडांत. समोर चोरखमाऱ्याचं पाणी दिसेल तिथवर पसरलेलं, मधे काळे ठिपके. ते पक्षी आहेत हे उडाल्यावर कळलं. कापणी उरकलेली. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या चौकोनी शेतांमध्ये, कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. इतकं निवांत दृश्य आणि मी त्यातून तरातरा चाललेली. आपल्याला घाई नाही तर राग आला आहे, हे मला वाटेत कळलं. एवढं चांगलं काम करायचं आणि ऐनवेळी पाय काढून घ्यायचा.

घर सापडलं. प्रज्ञाची आई अंगणात चुलीवर शिंगाडे उकडत होती. वडील धानाची पोती शिवत होते. "जय भीम मॅडम, या," म्हणत ते उठले आणि त्यांनी खाट पुढे ओढली. प्रज्ञा दारात आली. मला पाहून ती हसली नाही, घाबरलीही नाही. नुसती थकल्यासारखी दिसली.

मी खाटेवर टेकले आणि सुरू झाले. धीर म्हणजे काय, पहिल्या वेळी सगळ्यांचेच पाय कसे लटपटतात, आपल्या लोकांपुढे बोलायला लाजलं तर कोर्टात काय होणार. तीन चारदा मी हे व्याख्यान ठिकठिकाणी दिलेलं आहे आणि लोकांना आवडतं. प्रज्ञानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाही मॅडम. जमणार नाही," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

वडिलांना माझी दया आली असावी. म्हणाले, "मॅडम, जेवन व्हाले टाइम हाये. तवरोक चला, बोडी पाहून येऊ."

"काय बघून येऊ?"

"बोडी. हे काय, घरामागंच हाये."

तेहतीस वर्षांची सवय. मी ताडकन उभी राहिले. "कोणाची?"

"आमचीच," ते शांतपणे म्हणाले. "अर्धी माही, अर्धी भावाची."

मी आवाज सरळ ठेवला. "कधीपासून आहे?"

"आज्याच्या काळापासून."

"पोलिसांना कळवलंत?"

आता तेच माझ्याकडे टकमक बघायला लागले. "पोलिसाइले कायले? पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात अर्धी आटते. मच्छी होते, शिंगाडा होते. मोठं तळं नाई, लहान हाये, म्हनून बोडी म्हनतो आमी."

चुलीपाशी प्रज्ञाची आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू आलं नाही. मी घरामागे गेले. एका बाजूला पाळ घातलेलं, आमच्या सोसायटीच्या वाहनतळाएवढं एक तळं. पाण्यावर शिंगाड्याची पानं. मी त्या पाण्याकडे बघत उभी राहिले आणि प्रज्ञाचं टिपण ओळीओळीनं आठवायला लागलं. "धरण, नहर आणि सात बोड्यांमधून दर महिन्याला नमुने घेतले." मी त्याचं "सात बॉडींमधून" केलं होतं. कोष्टकात "बोडी क्रमांक एक" ते "सात" होतं. प्रत्येक ओकाराच्या जागी मी लाल पेनानं एक सुबक चंद्र काढला होता. पोरीला बॉडी लिहिता येत नाही, असं मनात म्हणून.

म्हणजे छापील पुस्तिकेत असं झालं होतं, की दीड वर्ष नोकरी झालेल्या, कायम न झालेल्या मुलीनं सात मृतदेहांमधून दर महिन्याला नमुने काढले. दर महिन्याला. हे माझ्या लक्षात आलं नाही. उलट मला वाटलं होतं, वा, केवढी मेहनत.

प्रज्ञा मागे येऊन उभी होती.

"पुस्तिका बघून देशकर सरांचा फोन आला," ती म्हणाली. देशकर सर म्हणजे तिचे वरिष्ठ, आणि उद्याच्या बैठकीचे अध्यक्ष. शिस्तीचे, माझ्यासारखेच. "म्हणाले, या सात केसेसचे नंबर काय? हाडांतली मज्जा वापरायला परवानगी कोणाची? मी सांगितलं, सर, बोडी आहे. ते म्हणाले, छापलेलं तुझ्या नावावर आहे. मूळ कागद दाखव, नाहीतर लेखी खुलासा दे."

"मग दाखवायचा ना मूळ कागद."

तिनं फोन काढून माझ्यापुढे धरला. मीच तिला पाठवलेला फोटो. तिचं नीटनेटकं अक्षर आणि त्यावर माझे लाल चंद्र, एक, दोन, मोजवेनात इतके. खाली माझ्याच हातानं लिहिलेलं: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. त्याखाली तिचं उत्तर: ठीक आहे मॅडम.

"हाच तर आहे मूळ कागद," ती म्हणाली. "हा दाखवला असता तर तुमचं नाव आलं असतं."

"अगं, मग मला तरी सांगायचं."

"कसं सांगू? तुम्ही सगळ्यांना शिकवता, नमुन्याच्या नावाला कोणी हात लावायचा नाही. तुम्हाला मी काय सांगू?"

हे ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी सरळ बोलली. नमुन्याचं नाव बदलायचंच असेल तर जुन्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. हे मी शेकडो मुलांना शिकवलंय. स्वतः मात्र सात नावं बदलली आणि सही तर सोडाच, एक फोनही केला नाही. मला लाज वाटली. अशी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हटलं. पुढे व्याख्यान जोडण्याची खुमखुमी आली होती, ती गिळली. "सातही बोड्या दाखवशील?"

तीन पाहून झाल्या, चौथीपाशी माझे गुडघे बोलायला लागले. पण तोवर प्रज्ञा वेगळीच मुलगी झाली होती. ही गुरांची, हिच्यात अमुक शेवाळ. ही कपडे धुण्याची, हिच्यात तमुक, साबणामुळे असेल, अजून खात्री नाही. ही त्या टोकाची, हिच्यात नहराचं, कालव्याचं पाणी येत नाही म्हणून ही सगळ्यात प्रामाणिक. बोलता बोलता तिची प्रयोगशाळेतली मराठी सुटत चालली होती. "उन्हाळ्यात मॅडम, प्रत्येकीचा चेहरा वेगळा दिसते. पन धानाच्या रोवनीच्या टायमाले नहर सुटते, धरनाचं पानी बांध्यांतून बोड्यांत येते, का ही एक सोडून सगळ्या एकसारख्या. मंग तीन महिने कोनी शपथेवर सांगू नये का हा मानूस बोडीत बुडाला का नहरात. सांगताच येत नाई."

मी पाळीवरच थांबले. हीच तर खरी गोष्ट होती. कुठे आपलं शास्त्र चालतं हे सगळेच सांगतात. कुठे चालत नाही हे सांगायला अंगात धमक लागते.

"हे टिपणात का नाही?"

"दोनशे शब्दांची मर्यादा होती." ती थांबली. "तुम्हीच घातलेली."

परतलो तर पानं वाढलेली. बोडीतल्या बारीक मच्छीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि भात. आमच्याकडे भात शेवटी घासभर घेतात. इथे भाताचा डोंगर आधी, बाकी सगळं त्याच्या पायथ्याशी. मी निम्मा परत काढायला सांगितला तर प्रज्ञाची आई म्हणाली, "इतकाच? इतक्या भातात तं आमची कोंबडी बी उपाशी राहीन, बाई."

हात धुताना प्रज्ञानं विचारलं, "उद्या किती वाजता आहे?"

मी म्हटलं, मी आत्ता देशकर सरांना फोन लावते. तिनं मान हलवली. "नाही. मीच सांगणार. तुम्ही उभ्या राहिलात तर लोक म्हणतील मॅडमनं वाचवलं. तुम्ही काहीच बोलायचं नाही. कबूल असेल तर येते."

मी कबूल केलं. वडील पोत्याला टाका घालत म्हणाले, "मॅडमले जमन का ते?" आमची ओळख होऊन दोनच तास झाले होते.

गोंदिया, शनिवार

प्रज्ञाचा नंबर सहावा. आधीच्या पाच जणांचं मी काय ऐकलं, देव जाणे. एका मुलानं बुटांच्या ठशांवर बोलताना माइक पाडला, एका मुलीनं दहा मिनिटांचं चार मिनिटांत आटपलं आणि मग उरलेला वेळ प्रश्नांना फार छान उत्तरं दिली. मी दोनदा पाणी प्यायला उठले, एकदा खिडकी लावायला. रहांगडाले सरांनी शेवटी शेजारची खुर्ची अशी सरकवली की मला बाहेर पडता येईना.

देशकर सर टेबलाशी पुस्तिका उघडून बसलेले. प्रज्ञाच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, लांबूनही दिसत होत्या.

ती उभी राहिली. निळी साडी, हातात एक जाड वही. आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला नाही. "पुस्तिकेत माझ्या पानावर जिथे जिथे बॉडी छापलं आहे, तिथे कृपया बोडी वाचावं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मी सात तळ्यांचं पाणी तपासलं. एकाही मृतदेहाला हात लावलेला नाही."

सभागृहात खसखस पिकली. देशकर सर हसले नाहीत.

"एक मिनिट," ते म्हणाले. "ही साधी छपाईची चूक नाही. इथे सात नमुन्यांची नावं बदलली आहेत. आपल्या कामात नाव बदललं की नमुना बाद. ही नावं कोणी बदलली?"

"मी नाही सर," प्रज्ञा म्हणाली. "आणि कोणी बदलली यानं पाणी बदलत नाही. नमुने माझे आहेत. ही त्यांची नोंदवही. ज्या दिवशी नमुना घेतला त्याच दिवशी लिहिलेली आहे, सही-तारखेसह. एकही पान फाडलेलं नाही." तिनं वही त्यांच्यापुढे ठेवली.

"तरी मला नाव हवं आहे."

ती गप्प राहिली. आता सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती टेबलाच्या कडेकडे. तिच्या गप्प राहण्याचा लोक काय अर्थ काढत असतील हे मला तेहतीस वर्षांच्या कोर्टाच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. साक्षीदार गप्प राहिला की लोक त्यालाच गुन्हेगार धरतात.

दिलेला शब्द मी मोडला. रहांगडाले सरांचे गुडघे ओलांडून उभी राहिले.

"नावं मी बदलली," मी म्हटलं. "तिला न विचारता. मला बोडी हा शब्दच माहीत नव्हता आणि जो मला माहीत नाही तो चुकीचा, असं मी धरून चालले. मूळ कागदावर माझं लाल पेन आहे, तो मी तुम्हाला पाठवते. तिनं खुलासा द्यायचा नाही, मी देते." इथे थांबायला हवं होतं. पण उभी राहिले की मला थांबता येत नाही. नमुन्याच्या नावाला हात लावू नये हे मी किती वर्षं शिकवलं, ज्येष्ठांनी नवोदितांचं ऐकायला कसं शिकलं पाहिजे, प्रांतोप्रांतीचे शब्द कसे जपले पाहिजेत, असं मी बोलतच सुटले. देशकर सर वहीची पानं उलटत होते, एकेक, सावकाश, आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"मॅडम," प्रज्ञा माइकमध्ये म्हणाली. प्रयोगशाळेतली मराठी गेली होती, हा बोडीच्या पाळीवरचा आवाज होता. "तुमी बसा आता. माहे मिनिटं जाऊन राहिले."

सभागृह मनापासून हसलं, देशकर सरही. मी बसले. प्रज्ञानं पडद्यावर पहिली बोडी दाखवली.